सहा चाळीसची व्हॅन

नागपूरच्या मानेवाडा भागातल्या एका आईचं पत्र आलं आहे. ओळख पटेल असे तपशील गाळून ते थोडक्यात देते.

मुलगी अकरा वर्षांची, सहावीत. जूनच्या अखेरीस शाळा उघडली तेव्हापासून रोज सकाळी तिचं पोट दुखतं. व्हॅन सहा चाळीसला येते. सव्वासहाला मुलगी बाथरूममध्ये जाऊन आतून कडी लावते. व्हॅनवाला दोनदा हॉर्न देतो आणि निघून जातो. साडेसातला मुलगी बाहेर येते, पोहे मागते. पोळ्यापासून आजवर ती मोजून नऊ दिवस शाळेत गेली. दोन सोनोग्राफ्या, रक्त, लघवी, जंताचं औषध, सगळं झालं, रिपोर्ट नॉर्मल. बालरोगतज्ज्ञांनी शेवटी मेडिकलच्या, म्हणजे सरकारी वैद्यकीय महाविद्यालयाच्या रुग्णालयातल्या, मानसोपचार विभागात दाखवा म्हणून चिठ्ठी दिली. ती चिठ्ठी पाहून सासूबाई म्हणाल्या, "पोरीले पागलखान्यात नेता का आता?" यजमानांचं म्हणणं, पोट्टी नाटकं करून राहिली, मोबाईल काढून घ्या, सरळ होते. शिवाय एकदा कागदावर नाव चढलं की ते जन्मभराचं. सहामाही तोंडावर आहे, दिवाळीनंतर पाहू. आईची सगळी रजा मे महिन्यात स्वतःच्याच ऑपरेशनमध्ये संपली, आता बिनपगारी सुरू आहे. तिचा प्रश्न एका ओळीचा आहे: "घरी कोणाला न सांगता मी तिला घेऊन जाऊ का?"

ताई,

उत्तर आधीच देऊन टाकते, म्हणजे पुढचं वाचताना जीव टांगणीला लागायला नको. न्या. दिवाळीची वाट पाहू नका. पण लपवून नेऊ नका. का ते सांगते, त्याआधी त्या पोह्यांबद्दल बोलू.

तुमच्या यजमानांच्या लेखी ते पोहे म्हणजे पुरावा: व्हॅन गेली, दुखणं गेलं, म्हणजे नाटक. मला त्यात नेमकं उलटं दिसतं. नाटक करणारं मूल साडेसातला इतक्या सहज प्लेट पुढे करत नाही. ते दुपारपर्यंत पोट धरून बसतं, कारण पकडलं जायची धास्ती असते. तुमच्या मुलीला तशी धास्ती नाही, कारण तिचं खरंच दुखत होतं आणि आता खरंच थांबलंय. भीती वाटली की मेंदू आतड्यांना तसा निरोप धाडतो, आतडी आवळतात. धोका टळला की सैल होतात, भूक लागते. पोटात गोळा येणं, पोटात कालवणं हे शब्द आपल्याकडे कुठल्या डॉक्टरने आणले नाहीत. रविवारी दुखतं का, ते तुम्ही लिहिलेलं नाही. दोन आठवडे कॅलेंडरवर खूण करून ठेवा, पहिल्याच भेटीत हे विचारलं जाईल. (दुखण्याने रात्री झोपेतून उठत असेल, वजन उतरत असेल, शौचातून रक्त जात असेल, ताप असेल, तर मात्र पुन्हा बालरोगतज्ज्ञांकडेच जा. "सगळं मनाचं आहे" असं म्हणून शरीर विसरणं हीसुद्धा चूकच.)

दुखणं खरं असलं तरी घरी राहणं हा त्यावरचा इलाज नाही, आणि इथे यजमानांचं अर्धं म्हणणं बरोबर आहे. चुकलेली प्रत्येक व्हॅन तिच्या शरीराला शिकवते की न जाण्यानेच बरं वाटतं. वर्गातलं मागे पडतं, मैत्रिणींची जोडी दुसरीकडे जमते, "इतके दिवस कुठे होतीस?" या प्रश्नाचं ओझं वाढतं. दिवाळीच्या सुट्टीनंतर हा डोंगर आणखी उंच झालेला असेल. म्हणून सहामाही बुडाली तरी चालेल, पण भेट पुढे ढकलू नका. सहावीची सहामाही पुढे कुणी विचारत नाही.

आता तुमच्या पत्रातली एक गोष्ट, जी तुम्ही रजेचा हिशेब देताना जाता जाता लिहून गेलात. मे महिन्यात तुमची पिशवी काढली. मुलीला "सुट्टीसाठी" बारा दिवस वर्ध्याला मामाकडे पाठवलं. ती परत आली तेव्हा तुम्ही भिंत धरून, पोटावर हात ठेवून चालत होतात, आणि तिला सांगितलं गेलं, "आईला अशक्तपणा आलाय." तिच्यासाठीच लपवलंत, मला समजतं. पण अकरा वर्षांची मुलगी घरातली औषधं पाहते, फोनवरचं हळू आवाजातलं बोलणं ऐकते, टाकेही पाहते. तिच्या बाजूने हिशेब मांडून बघा: मी घराबाहेर गेले आणि आईला काहीतरी झालं, कुणी खरं सांगत नाही, म्हणजे ते फारच वाईट असणार. मग जूनमध्ये तिला पुन्हा सकाळी सहा चाळीसला घराबाहेर जायला सांगितलं गेलं.

मी निदान करत नाहीये. पत्रावरून कुणीच करू नये. कारण वेगळंही असू शकेल: पाचवीतून सहावीत येताना बदललेली तुकडी, वर्गातली चिडवाचिडवी, फळ्यावरचं न दिसणं, वाचनात अडखळणं, नुकतीच आलेली किंवा येऊ घातलेली पाळी आणि शाळेतली घाण स्वच्छतागृहं. व्हॅनमध्ये किंवा शाळेत कुणी त्रास देतं का, अंगाला हात लावतं का, हेही एकदा शांतपणे विचारा. तोंडात उत्तर न घालता, "व्हॅनमध्ये कोण कोण असतं, कोणाशेजारी बसतेस, काय काय चालतं?" असं विचारा. तसं काही निघालं तर तिला उलट प्रश्न न विचारता चाइल्ड हेल्पलाइनच्या १०९८ वर फोन लावा. पण शाळा न गाठू शकणाऱ्या मुलांत "आपण नसताना आईबाबांना काहीतरी होईल" ही भीती वारंवार आढळते, म्हणून मे महिन्याचा हा धागा डॉक्टरांना नक्की सांगा. तोही पहिल्या पाच मिनिटांत, उठता उठता दाराशी नव्हे.

आणि मुलीला सांगा. याला दवाखान्याची गरज नाही, आज रात्री सांगता येईल. "मे महिन्यात माझं ऑपरेशन झालं होतं. पोटातली एक पिशवी काढली, तीच जिच्यात तू होतीस. तिचं काम झालं होतं आणि ती त्रास देत होती. आता मी बरी आहे. तुला तेव्हा सांगायला हवं होतं." एवढं पुरे. ती रडेल, किंवा नुसतं "बरं" म्हणून टीव्ही लावेल. दोन दिवसांनी भाजी निवडताना अचानक प्रश्न विचारेल, त्याचं खरं उत्तर द्या.

आता तुम्हाला कळलं असेल की लपवून नेऊ नका असं मी का म्हणते. एका लपवाछपवीने घाबरलेल्या मुलीला तुम्ही दुसरी गोष्ट पोटात ठेवायला सांगणार: "बाबांना सांगू नको हं, आपण कुठे गेलो होतो ते." मग ज्या खोलीत तिने मोकळं बोलायचं, तिथे शिरण्यापूर्वीच तिला कळलेलं असेल की ही जागा लाजेची आहे. शिवाय ते टिकतही नाही. ही एका भेटीची गोष्ट नव्हे, पाच-सहा भेटी सहज होतात, आणि एखाद्या गुरुवारी औषधाच्या दुकानापाशी कुणीतरी चुलतसासू भेटतेच. नागपूर तेवढंच आहे. कायद्याने तुम्हाला कुणाच्या परवानगीची गरज नाही, आई एकटी मुलीला नेऊ शकते. घरात मारहाण असती, दारू असती, तर मी म्हटलं असतं, गपचूप न्या, मागून पाहू. पण तुमच्या पत्रातला माणूस तसा दिसत नाही. दुसऱ्या सोनोग्राफीला स्वतः सुट्टी टाकून तो मुलीला घेऊन गेला होता, हे तुम्हीच लिहिलंय. तो घाबरलेला आहे आणि त्याचं घाबरणं रागाच्या रूपात बाहेर येतंय.

त्यांना "नेऊ का?" असं विचारू नका, नकाराला दार उघडं राहतं. तारीख ठरवून सांगा: "अहो, बुधवारी मेडिकलमध्ये जायचंय. डॉक्टरांनी दोघांना बोलवलंय. तुम्हाला वाटतं ती नाटक करते, तेच त्यांच्यासमोर सांगा, मीही ऐकते." डॉक्टरांना दोघं हवेच असतात, त्यामुळे यात खोटं काही नाही. मुलांच्या मानसोपचारात मूल एकटं पेशंट नसतं. अर्धं काम आईवडिलांशी असतं, सकाळी कोण उठवतं, कोण ओरडतं, कोण मध्ये पडतं इथपासून.

बुधवारच्या आधी एक काम घरूनच करा: १४४१६ वर फोन. ही केंद्र सरकारची टेलि-मानस सेवा, ऑक्टोबर २०२२ पासून सुरू आहे. फुकट, चोवीस तास, आणि मराठीत बोलता येतं. मुलगी फोनवर असायची गरज नाही. पहिलं बोलणं तिच्याशिवायच झालं तर बरं, म्हणजे तुम्हाला मोकळेपणी रडताही येईल. ते घरी काय करायचं ते सांगतात, आणि प्रत्यक्ष दाखवणं गरजेचं वाटलं तर कुठे जायचं तेही. यजमान शेजारी बसले असतील तर फोन स्पीकरवर टाका.

सासूबाईंच्या "पागलखान्या"बद्दल. त्या जे म्हणतात ते मानकापूरकडचं प्रादेशिक मनोरुग्णालय, १८६४ पासूनचं. पुढच्या चौकालाही ऑटोवाले त्याच नावाने ओळखतात, तेव्हा दोष एकट्या त्यांचा नाही. पण चिठ्ठी तिथली नाहीच. मेडिकलचा मानसोपचार विभाग ही मेडिकलच्याच आवारातली एक ओपीडी, जशी कानाची, डोळ्यांची, तशीच. मेयो या दुसऱ्या सरकारी रुग्णालयात आहे, मिहानच्या एम्समध्ये आहे. केसपेपर काढायचा, नंबर लावायचा. त्यांच्या मनात "ठेवून घेतील, शॉक देतील" असं असणार, तर २०१७ च्या मानसिक आरोग्यसेवा कायद्यात काय आहे ते त्यांना सांगा. अठरा वर्षांखालच्या मुलाला अपवादात्मक परिस्थितीतच भरती करता येतं. तेव्हाही मोठ्यांपासून वेगळं ठेवावं लागतं आणि घरचं माणूस पूर्णवेळ सोबत असावं लागतं. मुलांना शॉक देण्यावर बंदी आहे. अपवाद करायचा तर पालकांची संमती आणि त्या कायद्याखालच्या मंडळाची आधी परवानगी लागते. सकाळच्या पोटदुखीसाठी यातलं काहीच होत नाही.

सासूबाईंनी मुलीच्या दंडाला ताजबागेच्या दर्ग्याचा धागा बांधलाय, असंही तुम्ही लिहिलंय. राहू द्या. तो सोडवून तुम्ही एक भांडण जिंकाल आणि एक माणूस गमवाल. आणि गंमत पाहा, ज्या ताजुद्दीन बाबांवर त्यांची इतकी श्रद्धा, त्या बाबांना १८९२ साली लोकांनी वेडं ठरवून याच नागपूरच्या पागलखान्यात ठेवलं होतं. सोळा वर्षं होते तिथे. लोक दर्शनाला तिथेच जात, पुढे राजे रघुजीराव भोसल्यांनी त्यांना बाहेर आणलं. सासूबाईंना हे तुमच्या-माझ्यापेक्षा नीट ठाऊक असेल. कधीतरी संध्याकाळी त्यांच्याकडूनच ऐका, मुलीला शेजारी बसवून.

"कागदावर नाव" हा यजमानांचा मुद्दा मी हसण्यावारी नेणार नाही, मुलीच्या बापाला आपल्याकडे असं वाटायला लावणारे लोक आहेत. पण उपचाराची माहिती गुप्त राहण्याचा हक्क त्याच कायद्याने दिलाय. शाळा किंवा सोयरिकीच्या चौकशीला आलेला कुणी विचारू लागला तर दवाखान्याने ती सांगायची नसते. फाइल तुमच्या कपाटात राहते. उलट काही वेळा कागद कामाला येतो: वाचन-लेखनाची अडचण निघाली आणि तसं प्रमाणपत्र मिळालं, तर दहावीच्या परीक्षेत जादा वेळ मिळतो. आणि तुमची मुलगी एकटी नाही. २०१५-१६ च्या राष्ट्रीय मानसिक आरोग्य सर्वेक्षणात १३ ते १७ वयाच्या मुलांत मानसिक आजारांचं प्रमाण ७.३ टक्के आढळलं. साठ मुलांच्या वर्गात चार. त्या वर्गातल्या चारांपैकी किती जणांच्या घरी चिठ्ठी ड्रॉवरमध्ये पडून असेल, कोण जाणे.

बुधवारी काय होईल? खरं सांगायचं तर आधी बराच वेळ बाकावर. सरकारी ओपीडीत गर्दी असते. सोमवार टाळा, डबा-पाणी न्या, मुलीला तिची चित्रांची वही घेऊ द्या. मी स्वतः अशा बाकांवर बरेच तास काढलेत, कामानिमित्त. एकदा शेजारी एक मुलगा वहीत शाळेचं गेट काढत होता. गेट, गेट, गेट, पानभर गेटंच, आत शाळा नाही. त्याच्या आईने मला कोपराने ढोसून दाखवलं. आत गेल्यावर तिने रिपोर्टांच्या फाइलआधी ती वही टेबलावर ठेवली. मला फार आवडलं होतं ते.

आत बरेच प्रश्न होतील: बाळंतपणापासून झोपेपर्यंत, घरात अशी चिंता आणखी कुणाला आहे का, हेही. मुलीशी थोडं एकटीने बोलतील, तेव्हा तुम्ही बाहेर थांबा आणि नंतर "काय विचारलं गं?" म्हणून खोदू नका. लगेच गोळ्या सुरू होतील असं समजू नका; या वयात, अशा तक्रारीला सहसा आधी बोलण्याचे उपचार असतात. गोळी दिलीच तर का, किती दिवस, काय त्रास होऊ शकतो, हे विचारायचा तुम्हाला हक्क आहे. पहिल्या भेटीत जमलं नाही असं वाटलं तरी दुसऱ्या भेटीला जा. धंतोली-रामदासपेठेत खासगीत दाखवायचं ठरवलंत तर फी देण्याआधी एक विचारा. समुपदेशक अशी पाटी कुणीही लावतं. चिकित्सा मानसशास्त्रज्ञाची नोंदणी मात्र भारतीय पुनर्वास परिषदेकडे असते. नोंदणी क्रमांक विचारल्यावर जो चिडतो, त्याच्याकडे जाऊ नका.

मुलीला काय सांगायचं? "तुझं पोट खरंच दुखतं, हे आम्हाला कळलंय. सकाळी काय होतं ते समजून घेणाऱ्या डॉक्टरांकडे जायचंय. सुई नाही." "बर्डीच्या बाजारात जायचंय" असं सांगून मेडिकलसमोर उतरवू नका.

शाळेचं काम यजमानांवर सोपवा, त्यांना काहीतरी करायला हवंच आहे. मुख्याध्यापकांना भेटून ठरवायचं की परतणं टप्प्याटप्प्याने होईल: आधी दोन दिवस नुसतं गेटपर्यंत, मग आवडत्या विषयाचे दोन तास, मग मधल्या सुट्टीपर्यंत. रोज तीच वेळ, तोच सोडणारा; शक्यतो तुम्ही नको, बाबा. शाळेत पोट दुखलं तर घरी फोन न करता दहा मिनिटं कुणाजवळ बसायचं, हेही आधीच ठरलेलं असावं. टप्पे किती मोठे, ते डॉक्टरांबरोबर बसून ठरवा. शाळेने "आमच्याकडे असं चालत नाही" म्हटलं तर डॉक्टरांची चिठ्ठी पुढे करा. घरी थांबलेल्या दिवशी शाळेच्या वेळात मोबाईल-टीव्ही नाही, हे यजमानांचं खरं. पण शिक्षा म्हणून नाही, शाळेचा दिवस आहे म्हणून. आणि सकाळी उठल्या उठल्या "आज दुखतं का?" हे विचारणं आजपासून बंद. तुम्ही विचारलं की ती आत डोकावून बघते, आणि सापडतंच.

हे पत्र काटोल, उमरेड, रामटेककडे कुणी वाचत असेल तर त्यांनी थेट शहराची बस धरायची गरज नाही. जिल्हा मानसिक आरोग्य कार्यक्रम देशात १९९६ पासून आहे, त्यात मानसोपचारतज्ज्ञ, मानसशास्त्रज्ञ आणि समाजकार्यकर्ते असं पथक असतं. जवळच्या ग्रामीण किंवा उपजिल्हा रुग्णालयात त्यांचा वार कोणता, हे आशाताईंना विचारा. मूल सरकारी किंवा अनुदानित शाळेत असेल तर राष्ट्रीय बाल स्वास्थ्य कार्यक्रमाचं पथक वर्षातून एकदा तपासणीला येतं. त्या दिवशी शिक्षकांकरवी वाढीच्या, शिकण्याच्या, वागण्याच्या अडचणीही सांगता येतात; नुसतं वजन-उंची मोजायला ते येत नाहीत.

आणि एक गोष्ट कुठल्याही ओपीडीच्या वाराची वाट पाहत नाही. मूल "मी मेले तर बरं" असं म्हणालं, स्वतःला इजा केली, खाणं-पिणं सोडलं, तर त्याच दिवशी, रात्र असली तरी, मेडिकल किंवा मेयोच्या कॅज्युअल्टीत. अशा वेळी परवानगी, तारीख, सासूबाई, काही नाही.

राहता राहिला व्हॅनवाला. या महिन्याचे पैसे त्याला देऊन टाका, सीट सोडू नका. फक्त म्हणावं, भाऊ, दाराशी हॉर्न नको, मिस कॉल देत जा.